प्लगच्या खड्ड्यात तेल दिसलं म्हणजे इंजिन गेलं असं नाही

गाडीबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांचं हे सदर. यावेळी पाच प्रश्न घेतलेत, पण पहिल्यालाच सगळ्यात जास्त जागा दिलीय, कारण याच दुखण्यासाठी निष्कारण इंजिन खोलून घेतलेले लोक मी पाहिलेत आणि ते बघून फार वाईट वाटतं.

प्रश्न : काका नमस्कार. माझी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलेंडर, ९२ हजार किलोमीटर झालेत. मागच्या महिन्यात आम्ही घरचे पाचही जण ओंकारेश्वरला निघालो होतो, तर सिमरोल सोडल्यावर भेरूघाटात गाडी धक्के मारायला लागली, पिकअप गेलाच आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. गंमत म्हणजे गावात परत आल्यावर अन्नपूर्णा रोडवर बऱ्यापैकी नीट चालली. इथे एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी एक कॉइल उपसून काढली, ती खालून तेलात भिजलेली, आणि लगेच म्हणाले की भिया, रिंगें गई, इंजन खोलना पड़ेगा. खर्चाचा आकडा ऐकून आमचे हे म्हणतात गाडी विकून टाकू. धूर दिसत नाही, ऑइलही दोन सर्व्हिसच्या मध्ये फारसं कमी होत नाही. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, तो म्हणतो मी घरीच करतो. काय करू?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, गाडी विकू नका आणि इंजिनही खोलू देऊ नका, निदान प्लग बाहेर काढून त्याचं खालचं टोक बघेपर्यंत तरी नाही. सगळं उत्तर त्या टोकात आहे.

असं बघा, स्पार्क प्लग दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत बसलेला असतो. वरची खोली म्हणजे तो खोल खड्डा ज्यात प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल उतरते, आणि खालची खोली म्हणजे सिलेंडर, जिथे पेट्रोल जळतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हचे सील गेले तर ऑइल खालच्या खोलीत येतं, प्लगचं टोक काळं आणि ओलं होतं, मागून निळसर धूर निघतो, डिपस्टिकवर ऑइल उतरत जातं. तुमचं तेल वरच्या खोलीत आहे. प्लग नीट कसलेला असेल तर खालचं तेल त्याच्या वॉशरला ओलांडून वर येऊच शकत नाही, मग ते रिंगांचं कसं असेल? ते वरूनच आलंय, टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणातून. गॅरेजवाल्याने कॉइलचं बूड बघून सांगितलं, प्लगचं टोक बघितलंच नाही. तुमच्याकडे धूर नाही, ऑइल कमी होत नाही, म्हणजे लक्षणंही याच बाजूची आहेत.

आता ते तेल वरून येतं कसं. तुमच्यासारख्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, असतात आणि प्लग बरोब्बर त्यांच्या मधे उभे असतात. कॅमच्या भोवती ऑइल सारखं उडत असतं, आणि त्या उडणाऱ्या ऑइलच्या मधून प्लगसाठी कोरडी वाट ठेवायला एक नळी असते. नळीचं वरचं तोंड टॅपेट कव्हरला मिळतं तिथे रबराचा गोल सील, आणि कव्हरच्या कडेने सगळीकडून गॅस्केट, ज्याला आपल्याकडे सरसकट पॅकिंग म्हणतात. इंजिनाच्या डोक्यावरची उष्णता दहा-बारा वर्षं खाऊन हे रबर मरतं. माझ्या टेबलावर असा एक काढलेला सील पडून आहे, नवीन असतो तेव्हा बोटात पिळता येतो, याच्यावर नख दाबलं तर वणसुद्धा उमटत नाही, आणि त्याचा जोडीदार मी नुसता वाकवला तर काचेची बांगडी तुटावी तसा कट्कन दोन तुकडे झाला. असा सील तेल काय अडवणार, थेंब थेंब खड्ड्यात उतरतो आणि कॉइलचं रबरी बूट त्यात बसून राहतं.

तेलात राहून ते बूट फुगतं, लिबलिबीत होतं, बारीक चिरा पडतात, आणि मग ठिणगीला प्लगच्या टोकापर्यंत जायची गरजच उरत नाही, ती चिरेतून बाजूच्या धातूत पळते. घाटातच का झालं त्याचं कारणही हेच, पाच माणसं बसलेली, चढ, पाय दाबलेला, म्हणजे सिलेंडरमधला दाब वाढलेला, आणि दाब जितका जास्त तितकं ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. अन्नपूर्णा रोडवर कमी व्होल्टेजमध्ये काम भागतं म्हणून गाडी शहाण्यासारखी चालते. मात्र तो दिवा लुकलुकत होता ना, नुसता पेटलेला नव्हता, हे फार महत्त्वाचं आहे. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय, आणि तो भाग तापून खराब झाला तर तो मात्र खरंच महाग आहे. पुन्हा दिवा लुकलुकला तर दामटू नका, पाय काढा, बाजूला घ्या. आणि काम होईपर्यंत घाट नको.

आता मुलाला द्या हे वाचायला. अरे बाबा, तू करू शकतोस, अवघड नाही, पण एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. खड्ड्यात तेल उभं असताना प्लग ढिला करायचा नाही. मी माझ्या उमेदवारीच्या दिवसांत हे केलंय, घाई होती, कॉइल काढली, खड्ड्यात तेल दिसत होतं, वाटलं पुसू नंतर, आणि प्लग पान्याने फिरवला. शेवटचा आटा सुटताच ते सगळं तेल गुडुप्प करून सिलेंडरमध्ये, आणि त्याच्याबरोबर खड्ड्याच्या तळातली वाळू आणि कचरासुद्धा. तेल थोडं असेल तर पांढरा-निळा धूर काढून जळून जातं, पण कचरा बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे पाडतो, आणि तेल जास्त असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येऊन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणजे ज्या इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं ते खरंच खोलायची पाळी. आमच्या उस्तादांनी तेव्हा सगळे प्लग काढायला लावून, इंजेक्टरचे कनेक्टर काढून, भोकांवर चिंधी धरून सेल्फ मारून तेल बाहेर काढलं. ती गाडी वाचली, पण त्या दिवशी माझे हात जे थरथरत होते ते अजून आठवतात.

म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ दे, बॅटरीची निगेटिव्ह काढ, कॉइलचे कनेक्टर काढताना लॉक दाबून काढ कारण जुनं प्लास्टिक लगेच तुटतं, आणि प्रत्येक कॉइलवर मार्करने १, २, ३, ४ लिहून ठेव. मग मेडिकलमधून मोठी सिरिंज आण, तिला बारीक पाइप लाव आणि खड्ड्यातलं तेल ओढून घे. उरलेलं लांब स्क्रू ड्रायव्हरला सुती कापड गुंडाळून टिपून काढ, कापड कोरडं बाहेर येईपर्यंत. हवेचा पाइप असेल तर डोळ्यांवर चष्मा लावूनच मार. टॉर्च मारून तळ बघ, आणि चारही खड्डे बघ, ज्यात तेल दिसलं तेवढाच नाही. मगच प्लग. आणि निघालेले प्लग त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांड. खालचं टोक कोरडं, बदामी-राखाडी असेल तर आईला सांग इंजिन ठणठणीत आहे. एखादं टोक काळं चिकट तेलकट असेल तर मात्र सिलेंडरमधला दाब मोजणारी कम्प्रेशन टेस्ट करून घ्यायला पाहिजे, तो वेगळा रोग आहे आणि पॅकिंगने बरा होणार नाही. काजळीसारखं कोरडं काळं असेल तर ते मिसिंगमुळे, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल न पेटल्यामुळे, किंवा पेट्रोल जास्त पडल्यामुळे, तेलामुळे नाही.

प्लग काढून झाले की भोकं स्वच्छ कापडाने बंद कर, मगच कव्हरला हात लाव. कव्हरचे बोल्ट कडेकडून मधे असे थोडे थोडे ढिले करत ये. कव्हर चिकटलेलं असतं, तिथे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होईल, तो टाळ, ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा पुढे कायमचा गळतो. रबरी हातोडीने हळू हळू ठोकलं की सुटतं. जुन्या पॅकिंगचे तुकडे हेडमध्ये, म्हणजे कव्हरखालच्या इंजिनाच्या डोक्यात, पडता कामा नयेत, पडले तर चिमट्याने वेच. घासायला प्लास्टिकची पट्टी वापर, ब्लेड नको. आणि पॅकिंग घेताना नुसतं कडेचं पॅकिंग घेऊन येऊ नकोस, नळीचे सील वेगळे येत असतील तर तेही चारही घे आणि बोल्टच्या खालचे रबरी वॉशरही घे. कितीतरी गॅरेजमध्ये कडेचं पॅकिंग बदलतात, आतले सील जुनेच ठेवतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा खड्ड्यात तेल. काही गाड्यांत हे सील कव्हरमध्येच कायमचे बसवलेले असतात, तिथे अख्खं कव्हर बदलावं लागतं, तर विकत घ्यायच्या आधी आपलं कव्हर उलटं करून बघून घे.

सिलिकॉनबद्दल सांगतो कारण आपल्याकडे त्याचा फार अतिरेक होतो. रबरी पॅकिंगला कडेने सिलिकॉनची वेटोळी लावायची नसतात. टायमिंग चेनचं कव्हर आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर वाटाण्याएवढा ठिपका, तोही कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तिथेच. जास्त लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला दाबून येतं, सुटतं आणि ऑइलबरोबर खाली जाऊन पंपाच्या जाळीत अडकतं, म्हणजे वरचा थेंब वाचवायला गेलो आणि खाली ऑइलच बंद.

बोल्ट कसताना मधून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत. टॅपेट कव्हरच्या बोल्टला साधारण ८ ते ११ न्यूटन मीटर एवढाच टॉर्क असतो, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही. तुझ्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघ. टॉर्क रेंच नसेल तर सियागंजात मिळेल किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमधून मागून आण, पण अंदाजाने जोर लावू नकोस, प्लास्टिकचं कव्हर तडकतं आणि ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. प्लग परत बसवताना आटे पुसून कोरडे कर. तेल लागलेले आटे घसरतात, त्यामुळे तेवढ्याच टॉर्कला प्लग हवा त्यापेक्षा जास्त कसला जातो. आधी हाताने, रबरी नळीच्या तुकड्यात प्लग धरून फिरव म्हणजे आटा वाकडा धरला तर लगेच कळतं, आणि बूड टेकल्यावर नवीन वॉशरवाला १४ मिलिमीटर आट्याचा प्लग असेल तर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश वळसा.

कॉइल फेकू नका मात्र. बूट फुगलेलं असेल तर बऱ्याच गाड्यांत नुसतं बूट वेगळं मिळतं. कॉइल गेली का हे बघायचं असेल तर स्कॅनरवर समजा पी ०३०२ येतोय, म्हणजे दोन नंबरचं सिलेंडर मिसिंग, तर दोनची कॉइल तीनवर लाव, कोड पी ०३०३ झाला तर कॉइल खराब, दोनवरच राहिला तर कॉइल चांगली आहे.

आणि एक, हे न बघता काम संपवायचं नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढायचा हा छोटा व्हॉल्व्ह चोक झाला की आत दाब साठतो आणि नवीन सीलसुद्धा तेल फेकायला लागतो. गाडी आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढ आणि तोंडावर प्लास्टिकची पातळ पिशवी ठेव. किंचित आत ओढली गेली तर छान, फुगून उडायला लागली तर व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप साफ कर किंवा बदल. ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तर तेही कमी कर.

ताई, हे सगळं धरूनही खर्च इंजिन बांधण्याच्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नाही. मुलगा करणार असेल तर एक अख्खा रविवार त्याला द्या, घाई करू नका. आठवड्याने एकदा कॉइल काढून टॉर्चने खड्डे बघायला सांगा. वरची बाजू कोरडी आणि फक्त तळाशी पुन्हा तेल दिसलं तर नळी जिथे हेडमध्ये बसते तिथली गळती आहे, ते काम मात्र चांगल्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

प्रश्न : वॉशिंग सेंटरवर इंजिन धुवून घेतलं आणि घरी येईपर्यंत गाडी थरथरायला लागली. प्लगच्या खड्ड्यात तेल नाही, पाणी आहे! आता?
– एक वाचक, देवास

उत्तर : दाबाचं पाणी कॉइलच्या रबरी टोपीखालून आत गेलंय. उपाय तोच, आधी पाणी ओढून घ्या, टिपा, हवा मारा, कॉइलची बुटं पुसून उन्हात वाळवा आणि मगच लावा. प्लग काढायचाच असेल तर खड्डा कोरडा झाल्यावर. पाणी तसंच सोडलं तर प्लगचा षटकोन गंजतो आणि पुढच्या वेळी पाना लागत नाही. इंजिनवर यापुढे दाबाचं पाणी मारूच देऊ नका, ओलं कापड पुरतं.

प्रश्न : काका, मी स्वतः प्लग बदलले (पहिल्यांदाच!). जुन्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, धातूच्या जरा वर, तपकिरी पट्टा आहे. मित्र म्हणतो गॅस लीक होतोय, हेडचं काम काढावं लागेल. खरं आहे का?
– एक विद्यार्थी, भंवरकुआँ, इंदूर

उत्तर : नाही रे. पट्टा गोल सगळीकडून सारखा असेल तर बहुतेक तो कोरोनाचा डाग आहे, आजाराचा नाही, विजेचा. जास्त व्होल्टेजमुळे धातूच्या काठाजवळची हवा भारित होते आणि आसपास तरंगणारे तेलाचे बारीक कण चिनी मातीला चिकटतात. त्याने प्लगचं काही बिघडत नाही. मात्र चिनी मातीवर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती ठिणगी बाहेरून पळाल्याची खूण, मग प्लग आणि बूट दोन्ही बदल, एकच बदललास तर जुन्यावरची रेघ नव्यालाही खराब करते. पहिल्यांदाच करून एवढं निरखून बघितलंस याचं मला फार कौतुक वाटलं.

प्रश्न : माझी गाडी सीएनजीवर मिसिंग करते, पेट्रोलवर केली की लगेच नीट. किटवाला म्हणतो किट ठीक आहे. प्लगच्या एका खड्ड्यात थोडं तेल दिसलं होतं पण पेट्रोलवर चालते म्हणून दुर्लक्ष केलं.
– एक वाचक, महू

उत्तर : दुर्लक्ष करू नका, दोन्ही गोष्टी एकच आहेत. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून बूट अर्धवट खराब झालं की पहिली तक्रार सीएनजीवरच येते. तुमची पेट्रोलवरची गाडी बरी नाही, तिचं दुखणं अजून झाकलेलं आहे एवढंच. खड्डा साफ, सील नवीन, बूट नवीन, आणि प्लगचा गॅप फिलर गेजने बघा. वापरून झिजलेल्या प्लगचा गॅप वाढतो आणि सीएनजीला तो अजिबात चालत नाही. गाडी कंपनीने सीएनजीसाठी जो गॅप दिलाय तोच ठेवा. किटवाल्याशी भांडू नका, यावेळी तो बरोबर आहे.

प्रश्न : ऑइलमध्ये टाकायचं लीक बंद करणारं औषध मिळतं, त्याने प्लगकडची गळती थांबेल का? टॅपेट कव्हर उघडायला भीती वाटते.
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : रबर अजून जिवंत असेल तर ते थोडं फुगतं आणि काही दिवस थेंब थांबतो. वर सांगितला तसा दगड झालेला सील असेल तर काहीही होत नाही. शिवाय औषध टाकल्यावर लोक खड्डा साफ करायचं विसरतात आणि बूट तेलातच बसून राहतं. भीती वाटत असेल तर स्वतः उघडू नका, पण मेकॅनिकजवळ उभे राहा, प्लग काढायच्या आधी त्याने खड्डा कोरडा केला का एवढं डोळ्यांनी बघा, आणि काढलेले जुने सील पिशवीत घालून घरी मागून घ्या. चार खड्डे असतील तर चार सील हातात आले पाहिजेत. कव्हरमध्येच बसवलेले असतील तर मग जुनं कव्हर दाखवायला सांगा.